कुणाच्याही हाताला बसणारं पिस्तूल

"बसत नाही," तपासणीच्या टेबलामागचे गृहस्थ म्हणाले.

"जरा जोर लावा की," आमचे हे म्हणाले.

"साहेब, जोर लावून कोंबायला ही काय प्रवासाची बॅग आहे?"

कोल्हापुरातल्या एका क्लबची मॅच होती. एअर पिस्तुलाच्या मॅचआधी प्रत्येकाचं पिस्तूल एका ठरलेल्या मापाच्या पेटीत ठेवून बघतात. अलगद मावलं तर पास, अडलं तर घेऊन जा परत. आमचं अडलं होतं. अडणारच होतं म्हणा, कारण गेला महिनाभर आमच्या ह्यांनी त्या बिचाऱ्या पिस्तुलाला काय काय चिकटवलं होतं ते त्यांनाच ठाऊक. जिची मॅच होती ती माझी नणंद शलाका शेजारी उभी राहून खालचा ओठ चावत होती.

"दादा, आता माझा नंबर येईल."

"येऊ दे. काय होत नाही."

हे पिस्तूल घेऊन पार्किंगमध्ये गेले, डिकीतून कानस काढली आणि बॉनेटवर जुना टॉवेल पसरून घासायला लागले. ह्यांची शिरोलीला फौंड्री आहे. माणसं गाडीत छत्री ठेवतात, हे कानस ठेवतात.

मी कपाळाला हात लावला. "अहो, मुठीखालची फळी एवढी जाड करायला कुणी सांगितलं होतं?"

"मजबूत नको का?"

"तळहात टेकायचाय तिच्यावर. ट्रॅक्टर नाही चढवायचा!"

घासून घासून एकदाचं ते पेटीत मावलं. शलाका हाताला ॲल्युमिनियमचा भुगा लागलेला तसाच घेऊन उभी राहिली आणि तरी दुसरी आली. तिचे कोच घाटगे सर आमच्यापाशी आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रणधीरराव, पोरगी पहिल्या नंबरची आहे. पण ह्या पिस्तुलात आता काहीही घाला, ते कंपनीचं ते कंपनीचंच राहणार. हिच्या हाताचा साचा घ्या. क्लबमार्फत बाहेर ऑर्डर देऊ. हिच्या हाताचं, हिला झेपेल अशा तोलाचं पिस्तूल घडवून येईल. लग्नाआधी एवढं करा तिच्यासाठी."

लग्न हा शब्द ऐकला आणि शलाका खाली मान घालून पिस्तूल पुसायला लागली. तसं ते पुसायची काही गरज नव्हती.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा खराड्यांच्या घरात तशी नवीच होते. माहेर माझं कऱ्हाड. शलाका कॉलेजात असताना माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तिला ते पिस्तूल घेऊन दिलं होतं. पण पोरीला संध्याकाळी एकटीला रेंजवर पाठवायचं म्हणजे आबांच्या पोटात गोळा. मग सोबत कोण? नवी सून. आम्ही दोघी केएमटीच्या बसनं जायचो. ती नेम धरायची, मी मागं बाकावर बसून जांभया द्यायचे. एक दिवस ती म्हणाली, "वहिनी, नुसती बसतेस काय? धर की."

मी धरलं. पहिली गोळी कुठं गेली ते अजून कुणाला सापडलेलं नाही. पण मला नाद लागला तो लागलाच.

कंपनीच्या पिस्तुलाचं एक बरं असतं. फळी खाली-वर होते, चाप पुढं-मागं होतो. शलाकाची बोटं लांबसडक, माझा तळहात पुरीसारखा. तिचं झालं की ती स्क्रू फिरवून माझ्या हाताचं करून ठेवायची, माझं झालं की मी तिच्या. ती खरी खेळाडू, मी आपली हौशी. पण हौस काय कमी असते का? त्या तासाभरात मला कुणी 'सूनबाई' म्हणून हाक मारायचं नाही, भाजी काय करू असं विचारायचं नाही. समोर कागद, हातात पिस्तूल आणि कानाशी शलाकाची बडबड. मला तो तास फार प्यारा होता.

म्हणून तर घाटगे सरांचं बोलणं ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शलाकाच्या हाताचं पिस्तूल म्हणजे तिच्या एकटीचं. मग आमच्या दोघींच्या त्या तासाचं काय?

त्या दिवशी जेवताना घरात वाद सुरू झाला.

"चाललंय की चांगलं," आबा म्हणाले. "दुसरी आली पोरगी. उगा नवीन कशाला?"

"आबा, मी सांगतो," हे भाकरी मोडता मोडता म्हणाले. "चाप नवीन बसवतो, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी नवीन मागवतो, मूठ अक्रोडाच्या लाकडाची करतो. फळी पातळ. ऑर्डरच्या पिस्तुलाच्या तोंडात मारेल असं करून देतो!"

"कानस नको लावू म्हणजे झालं," सासूबाई म्हणाल्या.

"ह्यांचं बरोबर आहे," मी म्हटलं.

सगळे जेवायचे थांबले. लग्न झाल्यापासून मी हे वाक्य पहिल्यांदा बोलले होते. आमच्या ह्यांना तर ठसकाच लागला.

"शलाका, तुला काय वाटतं?" आबांनी विचारलं.

"दादा करतोय ते ठीक आहे," ती म्हणाली आणि अर्धी भाकरी ताटात टाकून हात धुवायला गेली.

तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा सांगलीचा, डॉक्टर अजिंक्य शिंत्रे, दातांचा दवाखाना. बघायला आला तेव्हा पोह्यांची बशी संपेपर्यंत एक शब्द बोलला नव्हता, पण शलाकाला आवडला होता. सुपारी फोडायचा रविवार ठरला होता. आमच्याकडं सुपारी फुटली की शब्द पक्का. त्याच्याआधी काय बोलायचं ते बोला, नंतर तोंड उघडायचं नाही.

आणि बोलायचं होतं ते नेमकं कुणी बोलत नव्हतं. लग्नानंतर शलाकाच्या नेमबाजीचं काय? शिंत्र्यांना विचारलं तर "बघू की" म्हणाले. आमचे लोकही "बघू की" म्हणाले. बसमधून येताना शलाकानं मला विचारलं होतं, "वहिनी, सांगलीत रेंज आहे. जाऊ देतील का गं मला?"

"देतील की. न द्यायला काय झालं?" मी खिडकीतून बाहेर बघत म्हटलं.

"आणि नाही दिलं तर?"

"अगं, पिस्तूल तुझ्याबरोबर असलं की देतीलच."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं, मला कळत होतं. पण मी तरी दुसरं काय सांगणार होते?

ह्यांनी मात्र दिलेला शब्द पाळला. रविवारच्या आत पिस्तूल तयार केलं आणि खोटं कशाला बोलू, देखणं केलं. अक्रोडाची मूठ अशी गुळगुळीत की गालाला लावावीशी वाटावी. बाजूला बारीक स्क्रू, प्रत्येकावर खुणा. फळी वर-खाली, आडवी-उभी, कशीही फिरायची. मी धरलं तर माझ्या हातात बसलं, शलाकानं धरलं तर तिच्या. हे दिवसभर शीळ घालत फिरत होते.

रविवारी शिंत्रे आले. अजिंक्यची आई म्हणजे शिंत्रे काकू, ठसठशीत कुंकू आणि त्याहून ठसठशीत आवाज. घरात त्यांचंच चालतं हे पाच मिनिटं बघणाऱ्यालाही कळावं. काका मान हलवायला. धाकटा मुलगा ओंकार, कॉलेजातला, सारखा मोबाइलमध्ये. आणि अजिंक्य, पुन्हा गप्प.

हॉल कुठला, पाहुणे किती, मानपान कसा, सगळं गोडीगुलाबीनं ठरलं. ताटात सुपारी आणि अडकित्ता मांडलेला होता. आबांनी अडकित्त्याला हात घातला, तेवढ्यात आमच्या ह्यांना राहवेना.

"एक मिनिट हां. तुमच्या सुनेचं पिस्तूल बघायचंय?"

आणि आणलंच! रिकामं आहे, हवेची नळकांडी काढून ठेवलीय, असं चारदा सांगून त्यांनी ते टीपॉयवर ठेवलं.

"हे बघा. ही फळी अशी खाली घेतली की मोठा हात. अशी वर घेतली की लहान हात. कुणाच्याही हाताला बसणार. धरून बघा की काका!"

काकांनी धरलं. बसलं. ओंकारनं मोबाइल खिशात घातला आणि हात पुढं केला. ह्यांनी स्क्रू फिरवला. बसलं.

"नाद खुळा!" ओंकार म्हणाला आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला.

शिंत्रे काकू कौतुकानं बघत होत्या. "छान झालं बाई. तसा लग्नानंतर शलाकाला कुठला वेळ व्हायला. पण आमच्या ओंकारला होईल उपयोग. वस्तू पडून नाही राहायची."

ह्यात वाईट काही नव्हतं. काकू अगदी मनापासून बोलल्या. आबाही हसले. "व्हय व्हय, घरचीच वस्तू."

मी चहाचे कप गोळा करत होते. स्वयंपाकघराच्या दारात शलाका उभी होती. ती ओंकारच्या हाताकडं बघत होती. तिची स्वतःची उजवी मूठ पदराआड मिटत होती, उघडत होती, परत मिटत होती. चेहऱ्यावर काही नाही. एवढं शांत मी तिला मॅच हरल्यावरच बघितलं होतं.

आबांनी अडकित्ता उचलला.

"आबा, थांबा," मी म्हटलं.

सुपारीच्या ताटासमोर सून बोलली होती. सासूबाईंचा हात तोंडावर गेला.

"हे पिस्तूल शलाकाबरोबर जाणार नाही," मी म्हटलं. "हे माझ्याकडं राहील. तिला नवीन करायचं. तिच्या हाताचा साचा घेऊन, घाटगे सर म्हणाले तसं."

आमच्या ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, पण तूच तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते. आता नको म्हणते."

"पण का?" काकूंनी विचारलं. "एवढं चांगलं आहे. सगळ्यांच्या हाताला बसतंय की."

"म्हणूनच, काकू."

कुणाला काही उमगलं नाही. आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "सूनबाई, जरा आत या."

आत गेल्यावर आबा, सासूबाई आणि हे, तिघंही माझ्याकडं बघत उभे राहिले. माझी जीभ कधीच लटपटत नाही, हेच तर दुखणं आहे माझं.

"काय हे?" आबा हळू आवाजात म्हणाले. "पाहुण्यांच्या देखत?"

"आबा, माझी स्कूटर आठवते तुम्हाला?"

"कुठली स्कूटर? दारातली?"

"दारातली. ती माझी आहे. माझ्या पप्पांनी मला नोकरी लागली तेव्हा घेऊन दिली होती. अख्खं कऱ्हाड फिरायचे मी तिच्यावर. लग्नात ट्रकमधून आली माझ्याबरोबर. पहिल्या आठवड्यात तुम्ही मंडईला नेलीत. मग हे फौंड्रीत नेऊ लागले. मग कामगार तिच्यावरून डबा न्यायला येऊ लागला. आणि मी आणि शलाका रेंजवर बसनं जातो."

"अगं, मग मागायची की," हे म्हणाले.

"कुणाकडं मागू? कुणी हिसकावून घेतली असती तर भांडले असते. कुणी घेतलीच नाही. घरचीच झाली ती." माझा आवाज चढायला लागला तशी सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. मी आवाज खाली आणला. "शिंत्रे लोक चांगले आहेत, आबा. तुमच्यासारखेच आहेत. म्हणूनच सांगते. हे पिस्तूल तिकडं गेलं की दिवाळीपर्यंत ओंकारचं होईल आणि शलाका कधी एका शब्दानं बोलणार नाही. तिच्या हाताचं केलं तर ते दुसऱ्या कुणाला धरताच यायचं नाही. मग एक तर ती चालवेल, नाही तर ते कपाटात पडून राहील आणि रोज सगळ्यांना दिसेल की पडून आहे."

आबांचा हात सदऱ्याच्या खिशातल्या किल्लीकडं गेला. त्याच दिवशी सकाळी पाहुण्यांसाठी पेढे आणायला ते माझ्या स्कूटरवरूनच गेले होते.

"कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"आज बोलले."

आबा घसा साफ करून बाहेर गेले. आम्ही मागोमाग.

"ताई," आबा काकूंना म्हणाले, "आमच्या सुनेचं बरोबर आहे. पिस्तूल पोरीच्या हाताचं करायचं. ते आमच्याकडून. पण ते चालवायला ती रोज रेंजवर जाणार. हे आधी बोलायला पाहिजे होतं, आम्ही बोललो नाही. ते आमचं चुकलं."

काकूंचा चेहरा जरा उतरला. "रोज? तसं नाही हो, आम्ही काही जुन्या विचारांचे नाही. पण घर म्हटलं की चार कामं असतात. जमेल तसं, अधूनमधून..."

"अधूनमधून नाही जमत, काकू."

शलाका दारातून पुढं आली होती.

"मी रोज जाणार. कामं मी करीन, सकाळी लवकर उठून करीन. पण संध्याकाळी जाणार. नंतर तुम्हाला वाईट वाटण्यापेक्षा आत्ता सांगते. चालणार नसेल तर..."

तिनं ताटातल्या सुपारीकडं बघितलं. पुढचं बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आपल्यामुळं पोरीचं लग्न मोडतंय की काय, असं मला वाटायला लागलं.

मग एक अनोळखी आवाज आला. अनोळखी म्हणजे आम्ही कुणी आजवर नीट ऐकलाच नव्हता.

"साचा कशात घेणार आहात?" अजिंक्य विचारत होता.

"साचा?" हे गोंधळले. "फौंड्रीत वाळू आहे माझ्याकडं..."

"वाळूत नको. बोटांच्या बारीक रेघा यायच्या नाहीत. दातांचा साचा घ्यायची पुट्टी असते आमच्याकडं, तिच्यात अगदी नखसुद्धा उमटतं. मी घेतो. दवाखान्यात या, नाही तर मी येतो." मग तो आईकडं वळला. "आई, मला चालणार आहे. रोज."

काकू मुलाकडं बघत राहिल्या. मग शलाकाकडं. मग, देव त्यांचं भलं करो, हसल्या.

"ह्याच्या तोंडातून एवढी वाक्यं मी वर्षभरात ऐकली नव्हती. आणि तुझा आवाज तर आजच ऐकला बाई." त्यांनी ताट आबांच्या पुढं सरकवलं. "फोडा."

सुपारी फुटली. मी आत जाऊन घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले.

साचा सांगलीच्या दवाखान्यातच घेतला. घाटगे सरांनी शलाकाला नेम धरल्यासारखा हात लांब करून उभं केलं. अजिंक्यनं गुलाबी पुट्टीचा गोळा तिच्या मुठीत दिला आणि वरून बोटं दाबून धरली. पुट्टी घट्ट होईपर्यंत दोघांनीही हलायचं नाही. खुर्चीत एक आजोबा दाढ काढून घ्यायला आले होते, ते गाल धरून सगळं बघत होते. घट्ट व्हायला लागतो त्यापेक्षा जास्तच वेळ ते दोघं तसे उभे राहिले असं माझं मत आहे. घाटगे सर खिडकीबाहेर बघत होते.

पिस्तूल यायला लग्नानंतर बरेच महिने गेले. आबांनी मुद्दाम सांगलीचा पत्ता दिला होता. आमच्या ह्यांचा रुसवाही तोवर निघाला होता, कारण त्यांनी केलेल्या पिस्तुलावर मी रोज हात चालवत होते आणि रोज त्यांना सांगत होते की असं पिस्तूल अख्ख्या कोल्हापुरात नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

दिवाळीला शलाकाला आणायला मी सांगलीला गेले. दार काकूंनी उघडलं.

"ये, बस. ती येईल आता रेंजवरून. आल्याशिवाय चहा टाकत नाही मी, परत गरम केलेला तिला चालत नाही." मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाल्या, "ओंकारनं बघितलं हो धरून. जमलंच नाही. मग एक दिवस घरात कुणी नव्हतं तेव्हा मीही बघितलं. बोटंच जाईनात आत!"

शलाका आली ती घामाघूम. गळ्यात पडली, बॅग पलंगावर टाकली आणि तोंड धुवायला गेली. मी खोलीत एकटीच होते. मला राहवलं नाही. बॅगेतली पिस्तुलाची पेटी उघडली.

लाकडात तिच्या बोटांचे खोलगे होते. अंगठ्याच्या बुडाशी तिच्या हाताला एक उंचवटा आहे, त्याला जागा करून दिलेली होती. मी माझा हात घातला. करंगळी बाहेर राहिली. सरकवून बघितलं तर फळी तळहाताला टोचायला लागली. फिरवायला स्क्रू शोधला. स्क्रू नव्हताच.

मला फार बरं वाटलं. जे व्हायला पाहिजे होतं तेच झालं होतं, आणि ते मीच करायला लावलं होतं. मग डोळ्यांत पाणी कशाला यावं? पण आलं. एकाच पिस्तुलावर दोघींचे हात चालायचे दिवस संपले होते, आणि ते संपवले होते मीच.

"बसतंय?" शलाका टॉवेलनं तोंड पुसत दारात उभी होती.

"नाही."

"जरासुद्धा नाही?"

"अजिबात नाही."

ती येऊन माझ्या शेजारी पलंगावर बसली. "सगळं चांगलं आहे गं इथं. नंबरही चांगले येतायत. पण माझं झालं की मी अजून मागं वळून बघते, बाकाकडं."

"मी तर तुझ्या नावानं बडबडते रेंजवर. लोक हसतात."

मग आम्ही दोघी रडलो, हसलो, परत रडलो. बाहेरून काकूंनी चहा निवतोय म्हणून हाक मारली.

"चल," मी म्हटलं आणि पेटी बंद करून तिच्या हातात दिली.